विळ्यासारख्या पेशी

नाशिक, १२ सप्टेंबर २००३

हिरामणदादा,

नमस्कार करते, पण रागातच. मी बरी आहे, नर्सिंगच्या हॉस्टेलात पोटभर जेवायला मिळतं, एवढं आईला सांग.

भगत म्हणाला, देवरामचं दुखणं वहिनीच्या माहेरचं आहे, आणि तू लेकरासकट तिला माहेरी धाडलंस! लाज कशी वाटली नाही तुला?

इथल्या दवाखान्यात तुझ्या देवरामचं रक्त तपासलं तेव्हा मी ते सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, मधे दाबलेल्या. त्यांना दुसऱ्या पेशींसारखं केंद्रक नसतं, सगळी जागा प्राणवायू वाहायला. मऊ असतात, म्हणून बारीक नसेतूनही सरकतात. देवरामच्या कितीतरी पेशी विळ्यासारख्या वाकड्या होत्या. त्या नसेत अडकतात, म्हणून त्याचे सांधे ठणकतात. यात बाहेरचं काही नाही.

आणि नीट ऐक. हा आजार अर्धा आईकडून आणि अर्धा बापाकडून येतो. एकटी वहिनी तो देऊच शकत नाही. नुसता अर्धा असला तर माणूस धडधाकटच दिसतो. डॉक्टरांनी तुलाही रक्त तपासायला सांगितलं होतं, तर "मी नांगर धरतो, मला काय झालंय?" म्हणून निघून गेलास.

म्हणून मी माझंच तपासून घेतलं. तो अर्धा दोष माझ्यात निघाला, दादा. माझं काय वहिनीच्या माहेराशी रक्ताचं नातं आहे?

आईचा खोकला थांबला का? भात निसवला का?

उद्याच जा आणि दोघांना घेऊन ये. नाहीतर दिवाळीला माझी वाट बघू नकोस. ज्या दोषापायी तिला घराबाहेर काढलंस, तोच अंगात घेऊन मी तुझा उंबरा कसा ओलांडू?

तुझीच सख्खी बहीण,
यमुना