तुरळक ठिकाण म्हणजे आमची भट्टी

३ मार्च ९८, कळंब
अलका आली होती वीटभट्टीवर. टीव्हीवर बातम्यांनंतर नकाशापुढं उभी राहून हवामान सांगायची, तीच. काटेवाडीच्या शाळेत माझ्या बाकावर होती. आता ती नोकरी सोडून बारामतीत दोन खोल्यांचं ऑफिस थाटलंय. वर्गणी भरायची, ती रोज फोनवर अंदाज देणार. द्राक्षवाले चहा पाजतात नि वाटेला लावतात, म्हणाली. ह्यांनी तोंड वाकडं केलं. मी हो म्हटलं, मैत्रीखातर. (खरं तर तिची हिंमत बघून.)

१४ मार्च
रोज दु. २ ला फोन. गप्पा नाहीत. "झाक", नाहीतर "झाकू नको". पूर्वी जरा आभाळ आलं की कच्च्या विटांवर ताडपत्र्या. विटा वाळायच्या राहायच्या, थापणाऱ्यांचा दिवस फुकट. ह्या दहा दिवसांत दोनदा ढग आले, दोन्हीदा नको म्हणाली, दोन्हीदा कोरडं. आता दोन वाजले की हेच फोनजवळ घुटमळतात.

२४ मार्च
भिजलं. सगळं. "झाकू नको" म्हणाली होती. साडेचारला अर्धा तास कोसळला, आठवड्याच्या विटांचा चिखल. निमगाव केतकीत थेंब नाही म्हणे. टीव्हीवर बरं होतं, "तुरळक ठिकाणी पाऊस" म्हटलं की मोकळी. ते तुरळक ठिकाण म्हणजे आमची भट्टी.
उद्या तिचा फोन उचलणार नाही.

२५ मार्च
फोन नाहीच. पहिल्या एस.टी.नं स्वतः आली. चपला हातात, पाय चिखलात. सबब एक नाही. पाऊस किती वाजता, वारा कुठून, आधी उकडत होतं का, सगळं आमच्या मुकादमांना, दत्तूतात्यांना, विचारून लिहून घेतलं. तात्या खूश, त्यांना एवढं कोण विचारतं.
जाताना म्हणाली, "टीव्हीवर चुकले तर कुणी जाब विचारत न्हवतं. हितं तुझ्या दारात यावं लागतंय. तेच बरं हाय."
मी असते तर महिनाभर तोंड लपवलं असतं. राग उतरला. कौतुकच वाटलं, लिहूनच ठेवते.

२ एप्रिल
पुढच्या हंगामात ऊसतोडीला तिचा अंदाज घ्यायचा का, ह्याची चौकशी करायला एका कारखान्याचे साहेब उद्या आमच्याकडं येणार. हे काम मिळालं तर तिचं ऑफिस टिकेल, नाहीतर जूनला कुलूप. तिनं माझंच नाव दिलंय. फोनवर म्हटलं, त्या दिवसाचं मी बोलतच नाही. चिडली. "भिजलं ते आधी सांग. मग बाकीचं."

३ एप्रिल
आले साहेब. भिजलेलं आधी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग कोरडे दिवस सांगितले, ती चिखलात उभी राहिली तेही. मीच जरा जास्त बोलले. "कळवू," म्हणाले. चेहऱ्यावरून काही कळेना.
निघताना पश्चिमेला काळं झालेलं बघून त्यांनी विचारलं, आज बाईंनी काय सांगितलंय. म्हटलं, झाकू नको.
तात्या ताडपत्री खांद्यावर घेऊनच आले. "वैनी, टाकू का?" हे माझ्याकडं बघताहेत. आजवर असं कधी माझ्यावर सोडलं नव्हतं.
"न्हाय तात्या. राहू द्या."
४.१०. वारा सुटलाय. साहेब जीपमध्ये बसलेत, पण जीप अजून हलली नाही.