तिसरं कडवं

नॅशव्हिल, शुक्रवार

प्रिय वर्नाताई,

मी बरा आहे, दोन वेळ जेवतो. आईचा गुडघा कसा आहे?

माझ्या ओलेटावरचं गाणं जोरात चाललंय. तिसऱ्या कडव्यात मी मरणाऱ्या बायकोचा हात धरून उशाशी बसतो, तिथं अख्खं सभागृह रडतं. मॅनेजर म्हणतो, "लेका, असंच रडव!" ती गेली तेव्हा मी तिकडे लांब अमॅरिलोत गिटार वाजवत होतो. हात तू धरला होतास.

घरी रेडिओ लावू नकोस.

तिनं शेवटी माझं नाव घेतलं का, हे तू कधी बोलली नाहीस. आता सांगूही नकोस. माझा मेल्याचा भरवसा नाही, त्याचंही मी चौथं कडवं करीन.

तुझा गाणारा भाऊ,
डॉइल