मिसेस खानपानाचं बघतात

२८ जुलै, सोमवार

"मिसेस खानपानाचं बघतात."

असं म्हणाला! कॅमेऱ्यासमोर! माझा नवरा, शिवप्रसाद. मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर, त्याच्याच कमरेच्या हार्नेसचा पट्टा तपासत उभी. यूट्यूब चॅनलवाल्यानं विचारलं होतं, "आणि मॅडम काय करतात?"

मॅडम काय करतात! वाघझिऱ्याच्या कड्यावर भल्या पहाटे चढून खडकात बोल्ट कोण मारतं? दोर कुठं बांधायचा हे कोण ठरवतं, खडकाची धार असेल तिथं दोराखाली पोतं कोण घालतं? पाणी वाढलं की "आज कुणी उतरणार नाही" असं सांगून पंचवीस माणसांच्या शिव्या कोण खातं? मी. नांदेडहून लोकांना किनवटच्या जंगलात न्यायचं, धबधब्यातून दोरानं खाली सोडायचं आणि जिवंत परत आणायचं — हा धंदा दोघांचा. दोर माझे, तोंड त्याचं.

आणि पोहे तर व्यंकटी करतो. व्यंकटी म्हणजे आमचा ड्रायव्हर, मदतनीस, सगळंच. तो झारा हातात धरून बघतच राहिला. बिचाऱ्याच्या पोह्यांचं श्रेयही मलाच गेलं.

२९ जुलै, मंगळवार

बोलणार नाही. बघू कोण आधी बोलतं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

उदगीरहून अव्वा आल्या. अव्वा म्हणजे सासूबाई, लक्ष्मम्मा. गुडघा दाखवायला आल्यात म्हणे. गुडघा दाखवून झाला, डॉक्टर म्हणाला काही नाही. पण श्रावणभर इथंच राहणार.

आल्या आल्या ओळखलं. "बोलून न्हाई राहिलात व्हय दोघं?" चेहरा इतका प्रसन्न की विचारू नका. मी भोकरची, शेतकऱ्याची पोरगी, जातीबाहेरची; हे लोक लिंगायत. ह्यांच्या लेकानं उदगीरचं भांड्याचं दुकान सोडून माझ्या नादानं दोर धरला, हे त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून आहे. नातेवाइकांना सांगतात, "सून ट्रॅव्हल्समदी हाय. बसून काम हाय." बसून! हार्नेसमध्ये बसूनच असतं म्हणा.

अजून एक. उत्तराखंडच्या गिर्यारोहण संस्थेतून मेल आला. प्रशिक्षकाच्या सहा महिन्यांच्या कोर्सला माझी निवड झालीय. महिनाअखेरीपर्यंत कळवा म्हणतात. मार्चमध्ये अर्ज केला होता, गंमत म्हणून. शिवाला सांगितलं नाही. आता तर बोलतच नाही, सांगणार कसं?

जाऊ का? रागात गेले तर परत येणार नाही, हे मला माझं माहीत आहे.

३ ऑगस्ट, रविवार

लातूरच्या डॉक्टरांची बॅच. सगळ्यांचे गॉगल काळे आणि कड्याच्या टोकाला गेल्यावर चेहरे पांढरे. एक हाडांचे डॉक्टर मला विचारतात, "पडलं तर काय होतं?" म्हटलं, साहेब, ते तुम्हीच सांगा.

नवऱ्याशी अबोला धरून हा धंदा करता येत नाही. दोरावर बोलावंच लागतं. वरून विचारायचं "येऊ?", खालच्यानं दोर हातात घेऊन "ये!" म्हणायचं, मगच उतरायचं. खालच्याला कमी समजू नये. त्यानं दोर खेचून ताठ केला की वरचा जागच्या जागी थांबतो. हात निसटला तरी वाचतो. म्हणून खाली भरवशाचा माणूस लागतो.

तर आज दिवसभर आमचा संसार असा चालला, तो वर, मी खाली:

"येऊ?"

"या."

ये नाही. या! एवढा मान लग्नातसुद्धा दिला नव्हता. त्याला बरोबर लागलं. खाली पोचल्यावर "दोर मोकळा" म्हणाला, तेही व्यंकटीकडे बघून.

७ ऑगस्ट, गुरुवार

अव्वांनी आज लेकाच्या गळ्यात इष्टलिंग घातलं. नवा शिवदारा म्हणजे गळ्यातला दोरा, लिंगाची चांदीची डबी चिंचेनं घासून लख्ख. इतके दिवस ते देवघरात होतं. "श्रावणात बी उघड्या गळ्यानं फिरून राहिला. काढलंस तर बघ! भुईला लागू दिलंस तर बघ!" शिवानं मान पुढं केली. आईपुढं त्याचा पर्यटनव्यवसाय नेहमी असाच गप्प बसतो.

मला बोलायचं होतं. हार्नेसला आठच्या आकड्याचं कडं असतं, दोर त्यातून सरकतो. त्यात केस, ओढणी, साखळी, काहीही ओढलं गेलं की माणूस तिथंच अडकतो. म्हणून आमचा नियम: दोरावर गळ्यात काही नाही. मंगळसूत्रंसुद्धा व्यंकटीच्या डब्यात. नव्या नवऱ्या रडतात, तरी डब्यात. अव्वांनी माझा मोकळा गळा बघून पहिल्या वर्षी जेवण सोडलं होतं.

बोलले नाही. म्हटलं, त्याला काय कळत नाही? रविवारी काढेलच.

१० ऑगस्ट, रविवार

अव्वा वाघझिऱ्याला आल्या! घरी करमत नाही म्हणून. गुडघा गाडीत विसरल्या बहुतेक, दगडांवरून नीट चालत आल्या.

धबधब्याशेजारी कोरडा कडा आहे, तिथं नवख्यांचा सराव घेतो. अव्वा खाली बसून माझ्याकडं टक लावून. मग म्हणाल्या, "हे खेचलं की थांबतंय?" म्हटलं हाव. "दे बघू." दिला. व्यंकटी वरून उतरत होता. अव्वांनी असा काही दोर खेचला की व्यंकटी हवेत टांगला आणि "माय!" म्हणून ओरडला. अव्वा खुदकन हसल्या. सोडला, पुन्हा खेचला. दुपारपर्यंत व्यंकटीचा दोरावरचा विश्वास उडाला.

हात मात्र पक्का आहे बाईचा. मी शेजारी दोराला हात लावून होते, एकदाही खेचावा लागला नाही. मला म्हणाल्या, "तुझं काम बरं हाय की." सहा वर्षांत माझ्याबद्दल निघालेलं हे पहिलं चांगलं वाक्य. नोंद करून ठेवते.

शिवानं लिंग काढून खिशात ठेवलं होतं. मी बघितलं. अव्वांनीही बघितलं. घरी परतेपर्यंत अव्वांनी तोंड खिडकीकडं केलं ते केलंच.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झोप येत नाही. म्हणून लिहिते.

धर्माबादच्या अडत्यांची बॅच होती, अव्वाही सोबत. पाणी भरपूर, पण उतरण्याजोगं. आधी शिवा उतरणार, मग ते. तो पाठमोरा झाला, व्यंकटी खालून "या" म्हणाला, शिवा उतरला. आम्ही एकमेकांना तपासतो, नेहमी. तो माझा पट्टा ओढतो, मी त्याचा गळा बघते. आज त्यानं माझ्याकडं पाठ केली आणि मी म्हटलं, जा.

निम्म्यात थांबला. मला वाटलं अडत्यांना हिरोगिरी दाखवतोय. मग व्यंकटीची शिट्टी. तीन वेळा. तीन म्हणजे मदत.

दुसरा दोर लावून उतरले. पाण्याच्या धारेखाली शिवा वाकडा लटकलेला, हनुवटी हार्नेसच्या कड्याला चिकटलेली. शिवदारा! आई बघेल म्हणून काढला नाही आणि मी बघेन म्हणून शर्टाच्या आत ठेवला होता. तो बाहेर आला, आठच्या कड्यात ओढला गेला, आणि गळा आवळत होता. ओठ निळे. डोळे माझ्यावर.

मी त्याला माझ्या दोराला अडकवलं. पट्ट्याचा फास करून त्याचा पाय त्यात घातला आणि ओरडले, "उभा राहा! शिवा, उभा राहा!" तो उठेना. मी शिव्या दिल्या. भोकरच्या शेतातल्या, बैलाला देतात तसल्या. तेव्हा उठला. जरा सैल झालं. मी चाकू काढला. ताणलेल्या दोराजवळ चाकू! एक बोट इकडंतिकडं झालं असतं तर दोर तुटून हा सरळ खाली. शिवदारा कापला. डबी घसरली, ती मी पकडली. हात दोन्ही गुंतलेले, ठेवायची कुठं? दातात धरली. तशीच त्याला घेऊन खाली आले.

खाली अव्वा उभ्या होत्या. लेकाला बघितलं, मग माझं तोंड बघितलं. माझ्या दातात त्यांच्या लेकाचं लिंग! म्हटलं, आता संपलं.

"भुईला लागलं का?"

मी मान हलवली. नाही. त्यांनी पदर पुढं केला, मी डबी त्यात सोडली. त्या झऱ्याकाठी गेल्या आणि बराच वेळ धूत बसल्या. पाठमोऱ्या.

तो मेला असता. माझा राग, त्याचं खानपान, सगळं तिथंच राहिलं असतं आणि तो मेला असता. मला तो हवाय. हे लिहायलाही लाज वाटते, इतका हवाय.

१६ ऑगस्ट, शनिवार

शिवा बोलला. गळ्यावर काळानिळा वळ. "तनू, तू नसतीस तर..." आणि रडला. मीही रडले. म्हणाला, "सगळ्यांना सांगतो. चॅनलवाल्याला परत बोलावतो. दोर तुझे हायेत, हे सांगतो."

अव्वा आतून म्हणाल्या, "दूध उतू जातंय." उतू जातच होतं.

१७ ऑगस्ट, रविवार

सुट्टी. अव्वांनी लिंग देवघरात ठेवलं. "दोरावर नगं," एवढंच. माझ्या ताटात आज पहिल्यांदा मागितल्याशिवाय तूप पडलं.

उत्तराखंडला नाही म्हणून कळवायचं. आज नको, सावकाश.

२४ ऑगस्ट, रविवार

प्राध्यापकांची बॅच. सगळे धबधब्याखाली पोहे खात बसलेले, शिवा नियम समजावत होता. "गळ्यात काही घालू नका, का ते सांगतो." आणि गोष्ट सुरू. मी दोर उलगडत होते. कान तिकडं. म्हटलं, आता येणार माझं नाव.

आलं!

"मागच्या आठवड्यात धबधब्यात जरा अडकायला झालं. मिसेस वरून आल्या, पण अर्ध्यात आल्यावर लागल्या थरथर कापायला! मी म्हटलं, तनू, घाबरू नको, मी आहे ना. तशा अवस्थेत मीच तिला सांगत होतो, आता चाकू काढ, आता हळूच काप..."

गळा आवळलेला माणूस! हळूच काप म्हणे! प्राध्यापक "वा, वा" करत होते. एका बाईंनी माझ्याकडं बघून "घाबरलात ना हो?" असं मायेनं विचारलं. मी बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधली.

अव्वा दगडावर लसूण सोलत होत्या. सोलायचं थांबल्या.

मग कोरड्या कड्यावर प्रात्यक्षिक. शिवा वर गेला, व्यंकटी वर, खाली दोर माझ्या हातात. "येऊ?" "ये." तो झोकात निघाला. निम्म्यात आला तशा अव्वा माझ्याजवळ आल्या. "दे इकडं."

दिला.

खेचला. शिवा हवेत.

"तनू, सोड की!"

"मी हाय," अव्वा म्हणाल्या. "सोडते. आधी सांग, धबधब्यात कोण घाबरलं व्हतं?"

"अव्वा, लोक हायेत!"

"म्हणून तर इचारून राहिले."

प्राध्यापकांचे मोबाइल वर. शिवा गोल फिरायला लागला. एकदा तोंड आमच्याकडं, एकदा खडकाकडं.

"मी! मी घाबरलो व्हतो!"

"आन् सोडवलं कुणी?"

"तनुजानं!"

"सांगत व्हतास व्हय तिला? हळूच काप म्हणून?"

"न्हाई! बोलताच येत नव्हतं!"

"आन् पोहे कोण करतं?"

"व्यंकटी! व्यंकटी करतो!"

वरून व्यंकटीनं सगळ्यांना हात जोडले. टाळ्या! अव्वांनी दोर सोडला आणि लसणाकडं गेल्या. मी इतकी हसले की पोट धरून खाली बसले.

परतताना गाडीत शिवा म्हणाला, "लोकांसमोर जरा रंगवून सांगावं लागतं. धंदा हाय." रागानं नाही, समजावून सांगितल्यासारखं. त्याला खरंच कळत नाहीय. आणि माझं हसू तिथंच संपलं. खरं बोलायला ह्याला हवेत टांगावं लागतं. मी रोज कुठं टांगू? रडला होता ते खोटं नव्हतं. आजचंही त्याला खोटं वाटत नाही. राग आला असता तर सोपं गेलं असतं. राग नाही. वाईट वाटतंय.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

उत्तराखंडला "येते" म्हणून कळवलं. रागात नाही. शिवाला सांगितलं. आधी "कशाला?" म्हणाला, मग "एकटी?", मग गप्प. गप्प बसलेला चांगला दिसतो.

अव्वांना सांगायचं राहिलं होतं.

३१ ऑगस्ट, रविवार

सांगितलं. सहा महिने, थंडीत, लांब. अव्वा उठल्या, खुंटीवरचा माझा जुना हार्नेस काढला आणि लुगड्यावरून कमरेला लावून बघितला. पट्टा थोडा आखूड पडला.

"जा तू," म्हणाल्या. "ह्याचा दोर मी धरते."