डाव्या सीटवरून दिसणारा आकडा

मी, सगुणा भागोजी शिवलकर, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार खेडशी, तालुका व जिल्हा रत्नागिरी, धंदा लोकांना मोटार शिकवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तसा माणूस या जिल्ह्यात मला अजून भेटलेला नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात रक्तदाब लिहिला आहे, स्वभाव लिहिलेला नाही. मरायची मला काही घाई नाही. पण फियाटचा निकाल लावायचा आहे, म्हणून हा खटाटोप.

कलम १. माझ्या नावावरचे राहते घर व त्याभोवतीची हापूसची कलमे माझे पती भागोजी यांना तहहयात. त्यांच्यानंतर मुलगा विनीत व सून वेदिका यांना समसमान. फवारणीवरून आमच्या यांनी शेजाऱ्यांशी धरलेला अबोला घराबरोबर कोणाकडे जात नाही. तो यांनी स्वतः मिटवावा.

कलम २. बँकेतील ठेव, माझ्या पाटल्या आणि 'सगुणा मोटार ट्रेनिंग'च्या दोन्ही नव्या गाड्या वेदिकाला. लांज्याहून लग्न करून आली तेव्हा तिला सायकलही येत नव्हती. आज आमच्या मुंबईच्या शाखेचे सगळे वर्ग तीच घेते, आणि माझ्यापेक्षा कमी ओरडून. विनीत, तोंड वाकडे करू नकोस. तुझ्यासाठी कलम ४ आहे.

कलम ३. पान्यांचा संच अली मुकादम या आमच्या इलेक्ट्रिशियनला द्यायचा होता. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे वकील म्हणतात, आणि मला साक्षीला अलीच हवा. म्हणून संच आजच देऊन टाकला. शेजारीण गंगा मयेकर हिला याच कारणाने काही मिळणार नाही. तिने रुसू नये.

कलम ४. माझी १९७२ सालची निळी फियाट. "काकी, आता या वयात कशाला?" असे ऐकून जे दुसरीकडून परत येतात, त्यांना मी या गाडीत शिकवते. डावीकडे माझ्या पायाखाली जादा ब्रेक आणि क्लच आहे, त्यामुळे भित्र्यातला भित्रा माणूसही हळूहळू सैल होतो. फक्त माझा मुलगा झाला नाही.

विनीत अठराचा असताना मी त्याला याच गाडीत बसवले. मी डावीकडून ओरडले, "चाळीस झाले, कमी कर!" त्याच्या मागे बसलेले हे ओरडले, "तीसच हाय गो! कशाला घाबरवतंस त्याला?" मी म्हटले चाळीस, हे म्हणाले तीस, आणि मुलाने मारुती मंदिरच्या सर्कलमध्ये गाडी थांबवून किल्ली माझ्या हातात दिली. त्यानंतर तो आजवर स्टेअरिंगला बसलेला नाही. मुंबईत वेदिका त्याला फिरवते, गावात मी. सगळ्या रत्नागिरीला मोटार शिकवणाऱ्या बाईचा मुलगा मागच्या सीटवर पिशव्या सांभाळत बसतो, हे मला फार लागते. दोष यांचा आहे, अशी माझी इतकी वर्षे नोंद होती.

आता त्याने पुण्याचे एक जुन्या गाड्या जमवणारे गृहस्थ शोधले आहेत. त्यांना फियाट हवी आहे, पण जशीच्या तशी.

आणि नेमक्या गेल्या पावसाळ्यात उंदरांनी आतल्या वायरी खाल्ल्या, केबलही गंजली. वेग, तेल, पाण्याची उष्णता, सगळे काटे आडवे झाले. अली डिजिटल मीटर बसवायचे म्हणाला. आधी त्याने मला उजव्या सीटवर बसवले. मेलेला काटा शून्यावर. मग डाव्या सीटवर बसवले. तोच काटा दहावर!

"बाई, काटा खोटा नाही. तुम्ही तिरकं बघताय," अली म्हणाला.

म्हणजे हेही खरे आणि मीही खरी. एवढ्या वर्षांचे भांडण कोणी न हरता संपले, याचा आम्हा दोघांना इतका आनंद झाला की आम्ही त्या दिवशी सुरमई आणली.

मीटर निवडायला मी गंगाला स्टेअरिंगवर बसवले, कारण सध्या ती शिकते आहे. अलीने तीन मीटर आणले होते, ते एकेक करून तात्पुरते जोडून बघितले. पहिला टॅबलेटएवढा, रंगीबेरंगी. गंगा त्याच्याकडेच बघत बसली आणि गाडी गटाराकडे निघाली. मी ब्रेक दाबला. "बाई, ह्यो टीवी बघू की रस्ता बघू?" तो बाद. दुसरा गोल, जुन्याच खाचेत बसणारा, काहीही न कापता. विनीतने फोनवरून याचीच शिफारस केली होती. समोरून लख्ख, पण डावीकडून काळाठिक्कर. शिकवणाऱ्याला काही दिसायलाच नको, तर मी तिथे बसून काय वारा घेऊ? तिसरा साधा: मोठे पांढरे आकडे, कुठूनही बघा, तेच. पण त्यासाठी डॅशबोर्ड कापावा लागणार होता.

"आई, डॅशबोर्ड कापलास तर ते गृहस्थ गाडीकडे ढुंकूनही बघणार नाहीत," विनीत म्हणाला.

मी अलीला म्हटले, "काप."

सबब फियाट विनीतला, पण अशा अटीवर की ती त्याने स्वतः चालवल्याखेरीज विकू नये. न चालवल्यास वेदिकाला.

येथपर्यंत लिहून झाले होते. सही राहिली होती. काल विनीत आणि वेदिका आंब्याच्या पेट्या न्यायला आले. डॅशबोर्डचे काय वाटोळे केले ते बघायला विनीत गाडीत शिरला, तो उजव्या दाराने. मी डावीकडे जाऊन बसले. हे मागे बसले. किल्ली लावलेलीच होती.

"चालू करू?" त्याने विचारले.

"कर."

गाडी फाटकाबाहेर पडली. त्याचे कान लाल झाले होते. थोड्या वेळाने तो स्वतःच मोठ्याने म्हणाला, "बावीस."

मी बघितले. बावीस. मागून हे म्हणाले, "बावीसच हाय."

माझा पाय त्या जादा ब्रेकवर होता. तो मी काढून मांडी घालून बसले. मला रडू आले, ते मी खिडकीतून बाहेर बघत उरकले. नाक्यावरून तो परत वळेल असे वाटले होते. तो सरळ पुढे गेला, हसला आणि म्हणाला, "वेदिकाच्या माहेरी जाऊन येऊ उद्या?"

कलम ५. कलम ४ मधील अट मी काढून टाकते. फियाट विनीतची, विनाअट. विकायची असेल तर खुशाल विकावी. फक्त गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत त्याने ती स्वतः चालवत न्यावी. मी हयात असले तर डाव्या सीटवर बसेन आणि गप्प राहीन, हे मी शपथेवर लिहून देते.

येणेप्रमाणे लिहिले आणि सर्वांसमोर मोठ्याने वाचले. शेवटच्या शपथेला यांनी हरकत घेतली, ती फेटाळली आहे.

सही: सगुणा भागोजी शिवलकर

आम्ही दोघे साक्षीदार मागच्या सीटवर भागोजी आणि वेदिका यांच्याबरोबर दाटीवाटीने बसून आलो, आणि बाईंनी आमच्यादेखत सही केली:
१. अली मुकादम, रत्नागिरी
२. गंगा मयेकर, खेडशी

दिनांक: १८ मे २०२५
स्थळ: लांजा, वेदिकाच्या माहेरचे अंगण. येथवर गाडी विनीत शिवलकर याने आणली.