चार बाइट

१२ सप्टेंबर २००७, राजापेठ

चार बाइट वाचवले! झटका मशीनची चिप दोन केबीची, माझा भागीदार तनवीर याचा सी भाषेतला कोड फुगलेला, मावेचना. मधे मधे धावणारा असेंब्लीचा तुकडा माझा. रजिस्टर म्हणजे चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा; आर-सात या कप्प्यातला आधीचा आकडा जपून परत ठेवायच्या दोन ओळी माझ्या तुकड्यातून उडवल्या. कोण कुठलं रजिस्टर वापरतो ते भिंतीवर खडूने लिहायचं, असा आमचा नियम. एवढ्यासाठी खडू कोण शोधतो?

२१ सप्टेंबर

अकरा झटका मशीन गेली, अंजनगाव सुर्जीकडे. रानडुकराला कुंपणाच्या तारेचा क्षणभर झटका — की पळालंच. बटण दाबलं की मशीन बंद.

३ ऑक्टोबर

अंजनगावहून खुशालराव आले, बैल हाकायची तुतारी घेऊन. दुकानाची काच फोडली. माझ्या पाठीवर तीन वळ. त्यांचा बैल तारेला चिकटून मेला. "मी बटन दाबून राहिलो, दाबून राहिलो. तार सोडूनच नाई राहिली त्याले!" घाबरून दाबलंच नसेल, असं मला वाटलं.

तनवीर जेवून परतला. तुझ्या सीने बैल मारला, म्हणालो. त्याने माझा तुकडा बघायला मागितला. मी त्याचा हात टेबलावर दाबला आणि पाना हाणला. दोन बोटं मोडली. तो ओरडला तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू!

५ ऑक्टोबर

सकाळी तनवीर आला, हाताला प्लास्टर. म्हणाला, "गलती माहीच असन. तू बस. मी साऱ्या मशीना बंद करून काढून आनतो." एकटाच गेला.

दुपारी कोड उघडला. झटका कधी थांबवायचा याची तनवीरची मोजणी आर-सातमध्येच! माझा तुकडा कधीमधी नेमका मधे येतो आणि ती पुसतो. मग झटका थांबतच नाही, आणि तो थांबेपर्यंत बटण वाचलंच जात नाही. खुशालराव खरं बोलत होते. अशा वेळी मशीन बंद करायचं तर बॅटरीची वायरच उपटायला हवी.

तनवीरचा नंबर काढला. काय सांगू? बोटं फुकट मोडली म्हणून? लाज वाटली. फोन ठेवला. आजवर एकच मशीन बिघडलंय. संध्याकाळी आला की समोरच सांगू.

६ ऑक्टोबर

तनवीर रात्री परतलाच नाही. सकाळी अकरावं मशीन घेतलेल्या नत्थुजींच्या शेतावरून फोन. दहा मशीन काढून झाली होती. अकराव्याचं बटण तनवीरने नीट दाबलं, दोनदा. मग तार सोडवायला धड असलेल्या हाताने धरली.