बॉबीनचा डावा डोळा

१७ ऑगस्ट, रविवार

डोळा चिकटलाय! बॉबीनचा, डावा. सकाळी मशिनखाली वाकून बघितलं तर एक डोळा माझ्याकडे रोखलेला आणि दुसऱ्याच्या जागी नुसती पिवळी घाण, सुकून पापणीला धरलेली. हात पुढे केला तर बाई ताग्यांमागे पसार.

चिंध्यांच्या पोत्यात सापडली तेव्हा मुठीएवढी होती. आता चांगली भरलीय, पण भीती काही गेली नाही. कुकरची शिट्टी झाली की पळते. गिऱ्हाईक ब्लाउजचं माप द्यायला आलं की गायब. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना वाटतं, शालनताई मांजर असल्याचं उगाच सांगते.

दादा वरच्या मजल्यावर राहतो. जिन्यातूनच ओरडला, "मांजरच हाय ती. चाटून बरी हुतीया."

म्हटलं, आधी स्वतःचा डोळा चाटून दाखव!

१८ ऑगस्ट, सोमवार

जनावरांच्या दवाखान्यात नेली. भाजीच्या बास्केटला वरून ओढणी बांधून. सगळ्या रिक्षात एकच सूर — आमच्या बाईसाहेबांचा.

तेजस्वी मॅडम म्हणून नवीन डॉक्टर आहेत. तरुण आहेत, पण हात हलका. डोळ्यात रंगाचा थेंब टाकला, वरून निळा उजेड पाडला. बुबुळावर हिरवी रेघ चमकली — टाचणीनं ओढावी तशी. मला दाखवून म्हणाल्या, "ही जखम. सर्दीचा विषाणू हिच्या अंगात दबून असतो. मांजर घाबरलं की तो उसळतो आणि डोळ्यावर येतो. थेंब दिवसातून चारदा, एकही चुकवायचा नाही. आणि हिला घाबरू द्यायचं नाही." जखम खोल गेली तर डोळा काढावा लागेल, असंही म्हणाल्या.

घाबरू द्यायचं नाही! पुढच्या बुधवारी गणपती. मी मंगळवार पेठेत राहते, हिमालयात नाही.

दादानं मोतीबिंदूनंतर उरलेली आपली बाटली आणून दिली. "हेच घाल की, पैसं कशाला घालवतीस?" मॅडमना फोन केला. "माणसांचे थेंब अजिबात नको! काहींनी जखम उलट वाढते." बाटली परत दिली. दादा रुसला. रुसू दे.

१९ ऑगस्ट

एक थेंब माझ्या नाकावर. एक गिऱ्हाइकाच्या ब्लाउजपीसवर. डोळ्यात एकही नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

जमलं!!

हाफिजा काज-बटण करायला येते, तिला घेतलं मदतीला. चूक माझीच होती. मी बाटली समोरून नेत होते. बॉबीनला काय, राक्षसच अंगावर येतोय असं वाटत असणार. आज तिला अस्तराच्या कापडात गुंडाळली, नुसतं तोंड बाहेर. पाठ माझ्या पोटाला. हाफिजानं हनुवटी धरली, मी मागून, कडेनं हात आणला आणि टप्. तिला कळेपर्यंत झालंसुद्धा.

त्याआधी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळा पुसला. खपली ओढायची नाही, भिजू द्यायची. नाकाकडून बाहेर पुसायचं आणि तो बोळा टाकून द्यायचा.

हाफिजा म्हणाली, "ताई, डोळ्यात औषध घालताना आमचं मालक हिच्यापेक्षा जास्त वरडत्यात."

पंजानं चोळू नये म्हणून गळ्यात घालायला बकरमची कॉलर शिवली. जन्मभर कॉलरी शिवल्या, पण एवढी ताठ कुणाची बसली नव्हती. बॉबीन त्यात कर्ण्यासारखी दिसते. हसू नये, पण हसले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सगळं पाण्यात.

काल संध्याकाळी मंडळाच्या मूर्तीचं आगमन. डॉल्बी नेमकी माझ्या दारासमोर थांबली. मांडणीवरची भांडी खाली आली. लेझरचे हिरवे पट्टे खिडकीतून भिंतीवर, भिंतीवरून छतावर. बॉबीन कॉलरसकट पोटमाळ्यावर, ट्रंकेच्या मागे. कालचा थेंब चुकला, आज सकाळचाही चुकला. दुपारी बाहेर आली तेव्हा डोळ्यावर निळसर पांढरी साय धरलेली.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "अजून एकदा असं झालं तर या डोळ्याची खात्री मी देऊ शकत नाही," एवढंच म्हणाल्या.

तशीच मांडवात गेले. मंडळाचा अध्यक्ष कोण? राजवीर — दादाचा मुलगा, माझ्या हातचं खाऊन वाढलेला. त्याची आई गेली तेव्हा शाळेतही जात नव्हता.

म्हटलं, राजवीर, गल्लीत डॉल्बी नको. ते लेझरही नको.

"आत्ती, वर्षातनं एकदा असतंय. तुझ्या मांजरापायी आख्खं मंडळ गप बसवू व्हय?"

पोरं फिदीफिदी हसली. मागून कुणीतरी म्याव केलं.

म्याव? थांबा.

विसर्जनाचे झब्बे दरवर्षी मी शिवते. यंदा मोतिया रंग, गळ्याला जर. सगळे शिवून, इस्त्री करून कपाटात ठेवलेत. आता कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. तिथेच सांगून आले — डॉल्बी आणि लेझर गल्लीबाहेर, नाहीतर बनियनवर नाचा!

२३ ऑगस्ट

गल्लीत कुणी बोलत नाही. छान. शिलाई भरभर होते.

२४ ऑगस्ट, रविवार

दादा खाली आला. खुर्चीत बसला नाही, म्हणजे भांडायलाच आलेला. "भाऊबंदात नाक कापलंस. एका मांजरासाठी."

म्हटलं, दादा, कापलं नाही, दाबलंय. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

मग गोडीत आला. पेठ वडगावच्या धाकट्या बहिणीकडे दहा दिवस मांजर ठेव, गणपती झाले की आण. सगळ्यांना हेच सुचतंय. मांजर ताग्यांमागून निघत नाही, ती परक्या घरात दहा दिवस काढणार? आणि का काढावेत? जी घाबरते तिनं गल्ली सोडायची आणि जे घाबरवतात त्यांनी गुलाल उधळायचा! हा कुठला न्याय?

इथे लिहायला हरकत नाही. तो आवाज माझ्याही छातीत बसतो. इतकी वर्षं दार लावून, कानात बोळे घालून बसले. एका शब्दानं बोलले नाही. बाईमाणूस, एकटी, भाच्याचं मंडळ — कसं बोलायचं! बॉबीनचा डोळा गेला तर तो माझ्या गप्प बसण्यानं जाईल. म्हणून नाही गप्प बसणार.

हाफिजानं खबर आणली. पोरं दुसऱ्या टेलरांकडे फिरून आली. सणाच्या तोंडावर कोण हात लावतोय?

२६ ऑगस्ट, मंगळवार

राजवीर आला. एकटाच. चपला बाहेर काढल्या, म्हणजे अध्यक्ष म्हणून नाही, भाचा म्हणून आला होता. त्याच्या "आत्तीऽऽ" बरोबर बॉबीन मशिनखालून पोटमाळ्यावर.

"हिला माझा एवढा राग का गं?"

"राग नाही रे. तू मोठ्यानं असतोस."

"आता आवाजच तसला हाय, काय करू?" हसला, तेसुद्धा मोठ्यानंच.

मग मुद्द्यावर आला. गल्लीत नुसती हलगी, तीही दारापासून लांब. डॉल्बीची ट्रॉली परस्पर मेन रोडला उभी करणार. "पर लेझर रद्द न्हाय करणार, आत्ती. पोरांनी वर्गणी काढून ठरीवलंय. महाद्वार रोडला लावणार." लेझरला बंदी आहे हे त्याला माहीत आहे, मलाही माहीत आहे. ताडपत्रीखाली झाकून नेणार म्हणे.

मी म्हटलं, महाद्वार रोडला काय करायचं ते करा. माझ्या उंबऱ्याला नको.

"शब्द दिला!"

कुलूप काढलं. त्याच्या झब्ब्याला आतून चोरखिसा लावलाय. गर्दीत मोबाईल पाडतो दरवर्षी. घालून आरशासमोर उभा राहिला तर दृष्ट लागावी असा दिसत होता. खांद्यात त्याच्या बापासारखा भरलाय. मनात आलं, आई असती तर बोटं मोडली असती. मग मीच मोडली.

जिंकले! एकटी बाई आणि अर्धं मांजर — आख्ख्या मंडळाला भारी पडलो.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. हलगी वाजली, लांबून. बॉबीनचे कान टवकारले, पण मशिनखालून हलली नाही. थेंब चारही वेळा बरोबर.

राजवीरनं मांडवातून मला हात केला. म्याव करणारा पोरगा प्रसाद घेऊन आला. नाव विचारलं नाही. कान मात्र धरला.

१ सप्टेंबर, सोमवार

आज गौरीपूजन. बॉबीनचा डोळा सकाळी आपोआप उघडा होता. घाण नाही, कडेला नुसतं पाणी. साय विरत चाललीय. मी मशिनवर बसून रडले थोडी. हाफिजानं बघून न बघितल्यासारखं केलं, बटण लावत राहिली.

दुपारी राजवीर जेवायला. पुरणपोळी दुधात कुस्करून खाताना मांजरीसाठी खिशातून सुका बोंबील काढला. गौरीच्या सणाला! त्याला बाहेर पिटाळलं. अंगणात बसून "बॉबीन, ये की गं, ये की" — सगळ्या पेठेला ऐकू जाईल एवढ्यानं. बॉबीन आली नाही. बोंबील दुसऱ्याच बोक्यानं पळवला.

"एकदा तरी मांडीवर बसंल का गं ती?"

म्हटलं, तू एकदा तरी गप्प बसशील का?

४ सप्टेंबर, गुरुवार

मॅडमनी पुन्हा रंग टाकला. निळा उजेड पाडला. हिरवं काही नाही! जखम भरली. थेंब अजून थोडे दिवस, मग बंद. पुढे कधी असं चिकट पाणी दिसलं तर वाट न बघता यायचं, आणि घरात हिला लपायला एक हक्काची जागा ठेवायची. म्हटलं, आहे, आख्खं कापडाचं दुकान आहे.

येताना रिक्षातही तिचा सूर नव्हता. रिक्षावाला म्हणाला, "पावणं गप हाईत आज."

कॉलर काढून खुंटीला टांगली. दादा बघून म्हणाला, "ही आता मंडळाच्या हापिसात लावू, ढाल म्हणून." हसला! माझा दादा हसला.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. गणपती गल्लीतून गेले.

हलगी, टाळ्या, मोरया. बस्स. म्हाताऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कितीतरी वर्षांनी बाप्पाचं तोंड नीट दिसलं म्हणाल्या. झब्बे असे खुलले होते! माझ्या दारासमोर राजवीरनं पोरांकडे वळून तोंडावर बोट ठेवलं आणि सगळी गल्ली क्षणभर चिडीचूप. मग माझ्याकडे बघून डोळा मारला. अध्यक्ष!

मी आत वळून बघितलं. बॉबीन मशिनच्या पायट्यावर बसलेली, दोन्ही डोळे टक्क उघडे.

मिरवणूक पुढे गेली. मग मेन रोडवरून तो धडधडाट सुरू झाला. लांब होता. मी दार लावून घेतलं आणि सुखानं चहा केला.

७ सप्टेंबर

राजवीर जेवायला आला नाही. दमून झोपला असेल. त्याच्या वाटणीचं झाकून ठेवलंय.

८ सप्टेंबर, सोमवार

राजवीर आला. हाक न मारता आला, म्हणून आधी कळलंच नाही. मशिनला टेकून जमिनीवर बसला. एक डोळा तळहातानं झाकला, मग दुसरा.

"आत्ती, उजव्यानं तुझं तोंड दिसत न्हाय. कडंचं केस दिसत्यात. मधी काळं हाय."

महाद्वार रोडला तो ट्रॉलीवर चढला होता, समोरून शूटिंग घ्यायला. लेझर सरळ डोळ्यात गेला. दुखलंसुद्धा नाही म्हणतो. डॉक्टरांनी तपासलं, आतला पडदा भाजलाय. दिसेल की नाही, आता सांगता येत नाही. मी विचारलं, थेंब कुठले दिलेत, दे, मी घालते. म्हणाला, ह्याला थेंब नसत्यात, आत्ती.

महाद्वार रोडला काय करायचं ते करा — मी म्हणाले होते. मी.

पुढे तो काही बोलला नाही. घरात एवढी शांतता कधी नव्हती.

बॉबीन ताग्यांमागून बाहेर आली. त्याच्याकडे बघत थोडा वेळ थांबली. मग जाऊन त्याच्या मांडीवर बसली.