खोतांच्या विहिरीची बातमी

चौल, वैशाख वद्य तृतीया, शके १८५५

ती. मामांस अनंताचा साष्टांग नमस्कार.

आपला दमा आणि मामींचा गुडघा या दोन्हींनाही आता उतार पडला असेल अशी आशा करतो. माझे विचाराल तर देह ठीक आहे. बाकीच्यासाठी हे पत्र.

आपण अलिबागेस राहता, म्हणून तिथल्या ज्या साप्ताहिकाला मी इथल्या बातम्या पाठवतो ते आपल्या वाचनात येत असेलच (येत नसेल तर उत्तम). गेल्या फाल्गुनात आमच्या तिठ्यावरच्या विहिरीत गाडीचा एक बैल पडला. जनी नावाची बाई लुगडे खोचून आत उतरली, तिने बैलाच्या पोटाखालून दोर घातला आणि वर जमलेल्या पंचवीस पुरुषांनी तो ओढला. (ओढण्याआधी त्यांनी तिला वरून बराच वेळ सल्ला दिला, पण ते असो.) ही विहीर जनीच्या नवऱ्याने, धर्माने, गावातल्या सातआठ जणांना हाताशी घेऊन तीन उन्हाळे खपून खणली. धर्मा वारला, विहीर राहिली. तिला नाव असे नव्हतेच. सगळेच तिथे पाणी भरत, त्यामुळे नावाची गरज कुणाला पडली नाही.

बातमीला मात्र पडते. नुसते 'एका विहिरीत' लिहिले तर वाचणारा विचारतो, कोणाच्या? विहिरीला लागून आबासाहेब खोतांची सुपारीची वाडी आहे, म्हणून जागा ओळखू यावी एवढ्याच हेतूने मी लिहिले, "येथील खोतांच्या विहिरीत पडलेला बैल एका बाईने शिताफीने बाहेर काढला." मामा, मुरुडचा नारळ म्हणतो तेव्हा तो मुरुडच्या मालकीचा असतो का? रामाची आई म्हटले म्हणून रामाने आईचे खरेदीखत केलेले असते का? षष्ठीचा प्रत्यय नुसता संबंध दाखवतो, असे मी गेली नऊ वर्षे मुलांना शिकवतो आहे. दुर्दैवाने आबासाहेब माझ्या वर्गात नव्हते. आणि ज्याची विहीर नव्हती त्याचे नाव छापून आले, जिच्या माणसाने ती खणली ती नुसती 'एक बाई' झाली, हे मलासुद्धा अंक हातात पडल्यावरच दिसले.

अंक आल्यापासून आठव्या दिवशी विहिरीभोवती कूड उभा राहिला, कुडाला दार, दाराला पितळी कुलूप. कात्रण चौकटीत बसवून आबासाहेबांनी ओटीवर टांगले. मी घाईघाईने दुरुस्ती धाडली. संपादकांनी ती मोठ्या मनाने अशी छापली: "गेल्या खेपेस 'खोतांच्या विहिरीत' असे पडले आहे, तेथे 'श्रीमंत आबासाहेब खोत यांच्या विहिरीत' असे वाचावे. अनवधानाने मान द्यायचा राहिला, क्षमस्व." आबासाहेबांनी दुसरी चौकट करवली.

मग गावाने अर्ज केला आणि चैत्रात मामलेदार पाहणीला आले. जनी पुढे होऊन म्हणाली, "रावसाहेब, ही बाव आमच्या घरच्यांनी खनलीय. वरची माती मी डोक्यावरनं व्हायलीय." मामलेदारांनी कागद मागितला. तिच्याकडे एकही नव्हता. आबासाहेबांकडे दोन होते, दोन्ही माझ्या कृपेने. तेव्हा मला पुढे बोलावण्यात आले.

"हे तुम्ही लिहिलेत?"

"होय साहेब, पण त्याचा अर्थ—"

"तेव्हा खोटे लिहिलेत की आता खोटे बोलता आहात?"

षष्ठीविषयी पुष्कळ सांगण्यासारखे होते. पण शाळेच्या मास्तराने खोटे छापवले असे दप्तरी लागले तर नोकरीचे काय, एवढेच मला त्या वेळी सुचले. मी म्हणालो, "तेव्हाचे बरोबर असेल." कारकुनाने लिहिले, 'बरोबर आहे.' मी ते वाचले आणि खाली सही केली.

आता बाया अर्ध्या कोसावरच्या ओहोळावर जातात. तिथले पाणी मचूळ आहे. शाळेत पोरे येतात, पण पालक मला रस्त्यात पाहिले की दुसऱ्या बाजूने जातात. संपादकांचे पत्र आहे, की बातम्या फार आवडतात, आणखी पाठवा.

मामींना नमस्कार. रागावला असाल तर रागावूनच का होईना, उत्तर धाडावे.

आपला भाचा
अनंता

ता. क. शाळाखात्यात आपला शब्द चालतो. माझ्या बदलीचे बघावे. पेण, पनवेल, कुठेही चालेल. कारण हवापाणी मानवत नाही असे घालावे.

आणखी ता. क. पाण्याविषयीचे ते कारण अगदीच खरे नाही. पाहणी झाली त्याच संध्याकाळी आबासाहेबांनी कुलपाची एक चावी माझ्याकडे धाडली. मी ती ठेवून घेतली. तेव्हापासून मी विहिरीचेच पाणी पितो आहे आणि ते फार गोड आहे.

पाकीट चिकटवण्याआधी आणखी एक. आज भर दुपारी मी पाणी भरत असताना जनी ओहोळाकडे निघालेली दिसली. मला राहवले नाही. बाहेर येऊन चावी तिच्यापुढे धरली आणि म्हणालो, "जनी, ही ठेव. हवे तेव्हा पाणी भर."

तिने चावीकडे पाहिले, मग माझ्या भरलेल्या घागरीकडे. "नको मास्तर," ती म्हणाली. "ती तुमची हाय."

आणि रिकामी कळशी कमरेवर सावरून ती ओहोळाच्या वाटेला लागली. मामा, बदलीचे होईल तितके लवकर बघावे.